त्याच्या वाट्याचा पेला

आई,

तुझा नवरा आला. म्हणजे तारण पावून आला. दारू सुटली, प्रभू भेटला, आणि आता आमच्या बदलापूरच्या मंडळीत दर रविवारी दाराजवळच्या खुर्चीत पांढरा शर्ट घालून बसतो. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं, आणि हा माणूस जिवंत, वर टाळ्या वाजवून गाणी म्हणतो. तुला हे ऐकून आनंद होईल, मला माहीत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. माझं विचारशील तर मला किळस आली. अजून येते. भाताच्या पातेल्यात झुरळ निघाल्यावर येते ना, तशी.

अंबरनाथला दवाखान्यात पडला होता म्हणे, पोटात पाणी होऊन. शेजारच्या खाटेवर आमच्या मंडळीतला एक जण होता, त्याला भेटायला पाळकसाहेब जायचे. जाता जाता त्यांनी याच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि हा उठून बसला. डॉक्टरने महिनाभर सुया टोचल्या त्याचं नाव नाही, सगळं श्रेय वर. मग मंडळीतल्याच एका कुटुंबाने बदलापूर गावात आपल्या घरामागची खोली त्याला राहायला दिली. पहिल्या रविवारी मी त्याला पाठमोराच ओळखला. कानामागे बोट घासायची सवय, तीच. उपासना संपल्यावर पाय ओढत समोर आला, म्हणाला, "सलाम, पोरी." मी म्हटलं, "कोण आपण?" तर तिथेच गळा काढला. चार बायका धावल्या त्याला पाणी द्यायला. मी चपला घातल्या आणि सरळ बेलवलीला घरी आले. दुपारी जेवण गेलं नाही. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याला रडवलं त्याला इतकं छान रडता येतं, हे मला नवीन होतं.

त्यानंतर त्याची साक्ष झाली. आपल्याकडे कुणी उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं, आणि मंडळी हल्लेलुया म्हणते, ते तुला काय सांगायचं. तू मात्र कधी साक्ष दिली नाहीस. माझं काय मोठं घडलंय, म्हणायचीस. याचं मोठं घडलं होतं ना! माइक हातात घेतला आणि सुरू. मी पापी होतो, मी दारुड्या होतो, मी माझ्या देवमाणूस बायकोचा हात मोडला, लेकराच्या डोळ्यांदेखत मोडला. हल्लेलुया! अगं, हात तुझा मोडला आणि हल्लेलुया त्याला. तो जितकं वाईट सांगेल तितका प्रभू मोठा, आणि प्रभू जितका मोठा तितका हाही मोठा. माझ्या शेजारी स्त्री मंडळाच्या अध्यक्षीणबाई बसल्या होत्या. डोळे पुसत त्यांनी माझा हात दाबला, "किती भाग्यवान गं तू! आईच्या प्रार्थना फळाला आल्या." मी उठून बाहेर नळावर गेले आणि उगाच तोंड धूत राहिले.

आणि सांगितलं तेही अर्धंच. कशावरून मोडला ते गाळलं. ते कसं सांगणार? त्यात रडण्यासारखं काही नाही, नुसती लाज आहे.

अंबरनाथची कंपनीची चाळ. शनिवार, दिवेलागणीची वेळ. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, आणि त्याचा द्राक्षरस करायचं काम तुझं. काळ्या मनुका निवडून, धुऊन तू सकाळपासून भिजत घातल्या आहेस. दुपारी त्या कुस्करून उकळल्या, मलमलच्या फडक्यातून पिळल्या, आणि तो काळाभोर रस दोन बाटल्यांत भरून पिठाच्या डब्यामागे ठेवलास. तो येतो. त्याला कधीपासून संशय आहे की तू प्रभुभोजनाची दारू घरात लपवतेस. डबा बाजूला करतो, बाटली उघडतो, तोंडाला लावतो. दुसरीही लावतो. मी भिंतीला चिकटून बघते आहे. थोडा वेळ थांबतो, नशा चढायची वाट बघतो. चढणार डोंबल! गोड मनुकांचं पाणी ते. मग त्याला कळतं की आपण गाढव ठरलो, पोरीसमोर ठरलो. "मला सरबत पाजतेस?" म्हणतो, आणि तुझं मनगट धरून पिरगाळतो. सुकी काटकी मोडावी एवढाच आवाज झाला.

तू ओरडली नाहीस. तो गेल्यावर हाताला टॉवेल गुंडाळलास आणि मला म्हणालीस, "वाण्याकडे जा, मनुका घेऊन ये." दवाखान्यात नाही गेलीस, वाण्याकडे मला पाठवलंस! गरम पाण्यात त्या कशाबशा फुगवल्या, आणि पिळायची वेळ आली तेव्हा फडकं माझ्या हातात दिलंस. माझी ताकद किती? मी पिळते आहे, बोटं काळी झाली आहेत, आणि तू डाव्या हाताने पातेलं धरून सांगते आहेस, अजून थोडं, अजून थोडं. मी विचारलं, "हे त्यालापण देणार का?" तेव्हा मंडळीच्या पंचांनी त्याला प्रभूच्या मेजावरून दूर ठेवलं होतं, पेला द्यायचा नाही म्हणून, पण मला भीती वाटत होती. तू म्हणालीस, "तो पश्चात्ताप करून आला तर द्यायचं." मी म्हटलं, "मग मी यात थुंकते." फाडकन मारलंस. डाव्या हाताने. उभ्या जन्मात तू मला मारलंस ते एवढंच, आणि तेही त्याच्यापायी. नंतर जवळ घेऊन म्हणालीस, "हे माझं आहे का गं, मी नाही म्हणायला?" मला काही कळलं नव्हतं. आज कळतं, आणि आज जास्त राग येतो.

मनगट वाकडंच सांधलं. पुढे नाताळच्या करंज्या तळत होतीस त्या आठवड्यात तो घर सोडून गेला तो गेलाच, आणि तू उल्हासनगरला कॅम्पात कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला लागलीस. मालकीण सिंधी बाई, तोंडाने फटकळ, पण मनाने बरी. सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायचे, तेव्हा एकदा तिने विचारलं, "अदी, ये हाथ को क्या हुआ?" तू लगेच म्हणालीस, "नल पे गिर गई, भाभी." इतकं सहज! मशिनी थांबल्या नाहीत, कुणी मान वर केली नाही, आणि मी कापलेले धागे गोळा करत तुझ्याकडे बघत राहिले. तुला खोटं बोलणं पाप होतं ना गं? मला परीक्षेत एका मुलीने उत्तर दाखवलं तर तू मला घेऊन बाईंकडे गेली होतीस. मग याच्यासाठी कसं चाललं? खरं सांगते, मला त्या दिवशी तुझीही किळस आली होती. घरी आल्यावर तू रोजच्यासारखे गुडघे टेकलेस आणि त्याचं नाव घेतलंस. मी म्हटलं, "देव ऐकत नाही तुझं." तू म्हणालीस, "कुणाला कधी बोलवायचं ते तो ठरवतो. मी फक्त आठवण करते." तो ठरवतो! तुझ्या हयातीत नाही ठरवलं त्याने. तुझी माती होऊन गवत उगवलं, मग वेळ मिळाला.

हेच मी पाळकसाहेबांना बोलले. ते घरी आले होते सांगायला, की पुढच्या पहिल्या रविवारी तुझ्या नवऱ्याला मेजावर घेणार आहेत. तुझ्यामागे रस करायचं काम माझ्याकडे आलंय, लग्न होऊन बदलापूरला आले तरी सुटलं नाही, म्हणून त्यांना वाटलं आधी माझ्या कानावर घालावं. तरुण मनुष्य आहे, माझ्या भाच्याच्या वयाचा. चहा घेऊन म्हणाला, "मावशी, लायकी नसताना मिळतं तीच कृपा. वधस्तंभावरच्या त्या चोराचं बघा, शेवटच्या घटकेला..."

"त्याने ज्यांची घरं फोडली ते लोक कुठे होते हो त्या वेळी?" मी विचारलं. "त्यांना कुणी येऊन सांगितलं का, की तुमचा चोर आज स्वर्गात गेला, टाळ्या वाजवा?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशी, लायक तर कुणीच नाही."

"माझी आई?"

"त्यापण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कप उचलला आणि आत गेले. बरं, तो उद्धटपणे नव्हता बोलला, मान खाली घालून बोलला, ते आणखी वाईट. बाहेरून म्हणाला, "तुम्हाला जड जात असेल तर या वेळी राहू द्या. मॉलमधून ज्यूसचे पॅक आणू." पॅक! ते साखरेचं जांभळं पाणी! तू मोडक्या हाताने जे चुकवलं नाहीस ते मी त्या माणसापायी चुकवू? मी आतूनच सांगितलं, "काही नको. मी करते." कृपेबिपेने नाही हो, ठसक्याने केलं. शनिवारी मनुका कुस्करताना माझ्या मनात त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द नव्हता. प्रार्थना करून करायचा असतो रस, तू शिकवलंस. मी शिव्या देत केला. रस मात्र तसाच झाला, चांगला दाट, नासला नाही की आंबला नाही. याचाही मला राग आला.

रविवारी बायकांच्या बाजूला ट्रे फिरवायचा मान माझा. पुरुषांकडे दुसरा असतो. पण हा बसतो दाराजवळ, पाय सुजलेले म्हणून, आणि ती खुर्ची पडते आमच्या बाजूला. म्हणजे तो माझ्या वाट्याला आला. मी शेवटपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. ओळी संपल्या, ट्रेमध्ये दोनच पेले राहिले, त्याचा आणि माझा, आणि मी त्याच्यासमोर उभी राहिले. जवळून औषधांचा वास येत होता. ओठांच्या कोपऱ्यात थुंकी साचलेली. हात पेला उचलायला पुढे आलेच नाहीत. मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते त्याने. पुटपुटला, "मला नको, पोरी. मी प्यायलोय हे आधी. तुझ्या आईचं. तू होतीस." म्हणजे आठवत होतं त्याला! माइकवर गाळलं ते आठवत होतं. "ते सांगायला तोंड नाही झालं," म्हणाला, "पुढच्याला दे."

पुढे कुणी नव्हतं. आई, हाच क्षण मला लहानपणापासून हवा होता. त्याने मागावं आणि मी नाही म्हणावं. पण हा मागतच नव्हता! स्वतःच नको म्हणत बसला, आणि माझ्या हातून तेवढंही काढून घेतलं. पाळकसाहेब बघत होते, पेटी वाजायची थांबली होती. मी पेला उचलला, त्याच्या ओठांना लावला आणि म्हटलं, "घ्या मुकाट्याने. लोक थांबलेत." प्यायला. थोडा रस हनुवटीवरून शर्टावर सांडला, माझ्या बोटांवरही आला. मी बोटं पदराला पुसली. दया बिया काही आली नाही मला. शी वाटलं, खरोखर शी वाटलं.

आणि मग उरला माझा पेला. मला तो घेता येईना. त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं, वेगळाच पेला तो, तरी सगळा ट्रेच मला उष्टा वाटत होता. मी मागे वळले, मेजामागच्या खोलीत नेऊन ट्रे ठेवला, वर फडकं घातलं. मंडळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे गाण्यात होते.

त्याच्या लक्षात आलं. उपासना संपल्यावर दारात थांबला होता, काठी टेकून. म्हणाला, "तू नाही घेतलंस." ज्या मेजावर मी सालोसाल उभी आहे तिथे हा आत आणि मी बाहेर, आणि हे बघितलं कुणी, तर याने. तेव्हापासून तीन वेळा प्रभुभोजन झालं. रस मीच करते. घेत नाही.

हे तुला लिहून ठेवते आहे, पाठवणार कुठे? अंबरनाथच्या कबरस्तानात नेऊन वाचायचा तमाशा माझ्याच्याने होणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. पाळकसाहेब म्हणतात, तो रोज पहाटे गुडघे टेकतो आणि माझं नाव घेतो. सुजलेल्या गुडघ्यांवर. ऐकलं तेव्हा वाटलं, आत्ता जावं आणि सांगावं, माझं नाव तुमच्या तोंडात नको. रिक्षाने पाच मिनिटांवर तर आहे त्याची खोली. मी अजून गेलेली नाही.