बेचाळिसावी सही

प्रिय अभिराम,

बाबांच्या हाताला प्लास्टर घातलंय, पण काळजीचं कारण नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी स्वतः अजून शांत झालेली नाही.

शनिवारी सकाळी शोभाबाई गेली. आपल्या वस्तीतले रस्ते तिनेच आयुष्यभर झाडले. तिचा मुलगा नत्थू तिला घेऊन स्मशानात आला, तर आपल्याच लोकांनी फाटकाला कुलूप घातलेलं. तुमची जागा वेगळी आहे, तिकडे न्या, म्हणाले. तिकडे ना शेड, ना पाण्याचा नळ. बाबांना कळलं तेव्हा ते देवळात होते. पूजा अर्धी टाकून, सोवळ्यातच गेले आणि फाटकाशी बसले. "कुलूप निघत नाई तवर मी उठत नाई." शेवटी कुलूप निघालं, पण त्याआधीच्या ढकलाढकलीत त्यांचा हात मोडला. वय शहात्तर. तरी शोभाबाईच्या अंत्यविधीचे मंत्र त्यांनीच म्हटले.

मला त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी गाभारा सगळ्यांना खुला केला, त्यानंतर वर्षभर कुणी आपल्याला सत्यनारायणाचं आमंत्रणसुद्धा दिलं नाही. पारध्यांच्या रेशनकार्डांसाठी ते कचेरीसमोर उपोषणाला बसले, तेव्हा तू शेजारी सतरंजीवर गृहपाठ करत होतास. घरून पळून आलेल्या किती जोडप्यांची लग्नं त्यांनी लावली, आणि आईने त्यांना जेवू घातलं.

बुधवारी देवस्थानाचे अध्यक्ष बंडूजी घरी आले. पुजाऱ्याने देऊळ बाटवलं आहे, त्याला काढून टाका, असा अर्ज त्यांच्याकडे दिवाळीपासूनच पडून होता. आता तो रविवारच्या सभेत ठेवणार आहेत. मी त्यावरच्या सह्या वाचत गेले. बेचाळिसावी तुझी होती, दिवाळीला घरी आला होतास तेव्हाची. काय वाचते आहे तेच कळेना. "तुमचं पोरगंच असं म्हणून राह्यलं, महाराज," बंडूजी म्हणाले. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, बराच वेळ बघितला. "सही त्याचीच आहे. पण त्यानं वाचलं नसन," एवढंच बोलले, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

तेव्हापासून जो येईल त्याला ते हेच सांगतात. तुला काही कळवू नको, अशी मला शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे, कारण काल ते झोपेतही तेच पुटपुटत होते. अभिराम, तू तो अर्ज वाचला होतास का? ते तुला कधीच विचारणार नाहीत. मी विचारते आहे.

तुझी बहीण,
वल्लरी