बिना मास्टरचा गेम

ओमेशदादा,

कुकरमध्ये वरणभात आहे, गरम करून घेजो. वांग्याची भाजी मी संपवली.

आज संध्याकाळी तुझ्या गेमसाठी कोणी येणार नाही, वाट पाहू नको. रुची, दामिनी अन् तुझा जिगरी वीरेंद्र, तिघंही रुचीच्या गच्चीवर माझ्यासंग नवीन गेम सुरू करून राहिले. फासे मी घेऊन चालली, ते माझेच होते.

मी धानाच्या रोवण्यासाठी मामाकडे दवनीवाड्याले गेली, तं तू मागून गेममधलं माझं कॅरेक्टर नदीत बुडवून मारलं. मी विचारलं तं सगळ्यांसमोर म्हणला, गेम मास्टर मी आहो, कोण जगते अन् कोण मरते ते मीच ठरवीन.

म्हणून काल आम्ही नवीन गेम निवडाले बसलो. तुझा तलवारी अन् ड्रॅगनवाला कोणालेच नको होता. दामिनीनं भुताचा सुचवला, वीरेंद्रनं अंतराळाचा. मी खुनाचा सांगितला, त्यात मास्टरच नसते, गोष्ट सगळे मिळून रचतात. हे ऐकलं अन् सगळ्यांनी हात वर केले.

आमची गोष्ट अशी आहे. बोदलकसाच्या तलावात एक माणूस मेलेला सापडते. त्याले आपण काऊन मारलं असेल, ते प्रत्येकानं लिहायचं.

मेलेल्याचं नाव ओमेश ठेवलं. आपापलं कारण सगळ्यांनी कालच लिहिलं, कोणालेच विचार करावा लागला नाही. वीरेंद्रनं तं दुसरा कागद मागितला.

डिंपल