असामान्य असल्याचा पुरावा

बाबा,

तुमच्यावर चिडून चिडून आता मी दमले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात माणूस माफ करतो, नाहीतर विसरून तरी जातो. मला दोन्ही जमलं नाही. मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसातली एक नवी मुलगी भलीमोठी फाइल घेऊन माझ्यासमोर बसली. तिला अमेरिकेत कायमचं राहण्याचा परवाना हवा आहे, मी घेतला होता तोच, असामान्य गुणवत्तेच्या माणसांसाठी असतो तो. "मॅडम, आपण असामान्य आहोत हे तुम्ही कसं सिद्ध केलं?" असं तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं. मी तिला कागदांची यादी सांगितली आणि ती गेल्यावर दिवसभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडत बसले. मेलेल्या माणसाशी भांडण्यात हीच अडचण आहे, तो आपला हेका सोडत नाही. तुम्ही तर जिवंतपणीही सोडला नव्हता.

सुरुवातीपासून सांगते, कारण ही गोष्ट तुम्ही आपल्या देवळी गावात ज्याला त्याला तुमच्या पद्धतीनं सांगितली आहे आणि माझी बाजू कोणी ऐकलेली नाही. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले की तुमच्या वेल्डिंगच्या दुकानातच असायची. दुकान पत्र्याचं, दुपारी आत उभं राहवत नसे. वखर, डवरे, फवारणीचे पंप, बंडीची चाकं, जे येईल ते तुम्ही दुरुस्त करायचात. त्या वर्षी तुमच्या डोक्यात सरकी टोबायचा पाइप बसला होता. बाया दिवसभर कमरेत वाकून जमिनीत भोक पाडतात, त्यात सरकीचे दोन दाणे टाकतात, माती लोटतात आणि पुढे सरकतात. हे काम उभ्यानं व्हावं, असं तुम्हाला वाटे. कमरेएवढा पाइप, खाली चोचीसारखं तोंड, वर दांडी. चोच जमिनीत खुपसायची, दांडी ओढायची, तोंड उघडतं, दाणा पडतो. कल्पना छान होती, पण यंत्र काही कामाचं नव्हतं. पाच-सहा वेळा खुपसलं की तोंडात माती भरायची. तुम्ही स्प्रिंग बदलली, मी कागदावर कोन काढले, तुम्ही पुन्हा वेल्डिंग केलं. माती भरतच राहिली.

दुकानामागच्या गल्लीत राहणारी मावशी रोज समोरून मजुरीला जायची. तिनं जन्मभर सरकी टोबली होती, म्हणून मागच्या रिकाम्या प्लॉटवर तुम्ही तो पाइप तिच्याच हातून चालवून बघायचात. त्या दिवशी तिनं पाइप उलटा केला, तोंडातली माती काडीनं कोरून काढली आणि म्हणाली, "भाऊ, दोन्ही ओठ सारखे काऊन ठेवले? एक लांब ठेवा नं. लांबवाला माती फाडन, लहानवाला त्याच्या मांगं लपून राहीन." तुम्ही हसला नाहीत. करवत घेतली, मागचा ओठ बोटभर कापला आणि पुढच्याला पट्टी जोडायला बसलात. मी पाइप धरून उभी आहे, ठिणग्या माझ्या ओढणीवर उडताहेत, आणि मावशी उकिडवी बसून बघते आहे. संध्याकाळपर्यंत तिनं त्या प्लॉटवर ओळींमागून ओळी टोबल्या, एकदाही न अडता.

तिनं एक वाक्य सांगितलं, बाबा. एक वाक्य! पुढचे सगळे कोन मी काढले, स्प्रिंगचा ताण मी मोजला, ओल कमी-जास्त झाली तर काय होतं याची वही मी ठेवली. हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. पण वर्ध्याच्या कृषी प्रदर्शनात आपला पाइप ठेवला, तेव्हा बनवणाऱ्याचं नाव लिहायच्या कार्डावर तुम्ही आधी मावशीचं, मग माझं आणि शेवटी स्वतःचं नाव सांगितलंत. तिथला कारकून वैतागला. "काका, एकाच माणसाचं नाव लिहा, जागा नाही." तुम्ही म्हणालात, "मंग अक्षर बारीक काढा." मागे उभ्या असलेल्या लोकांत हशा पिकला आणि मी शरमेनं लाल झाले.

त्यानंतर पुलगावचे, तळेगावचे वेल्डर येऊन माप घेऊन गेले. तुम्ही त्यांना पाइप उकलून दाखवायचात, वरून चहा. आई भाकरी थापता थापता करवादायची, "लोकं माप नेऊन राह्यले अन् हे त्यायले चहा पाजून राह्यले!" मी तिची बाजू घेतली. आपण पेटंट घेऊ, असं जेवताना म्हणाले. तुम्ही ताट बाजूला सारलंत. "बायांची कंबर वाचली का नाई वाचली, येवढं सांग मले. बाकीचं कालेजात शिकून राह्यली तं शिक, घरात नको आणू." एवढ्या मोठ्यानं तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजला परत जायचं होतं. तुम्ही बसस्टँडवर आलात आणि कागदात गुंडाळलेला व्हर्नियर कॅलिपर माझ्या हातात दिलात. जुनाच होता, कोणाकडून तरी घेतलेला. "माप बराबर घेत जाजो," म्हणालात. रागावलेल्या माणसाला असं निःशस्त्र करायची तुमची खोड मला तेव्हाही आवडली नव्हती.

मग मी अमेरिकेत आले, शिकले, पेरणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथे चार वर्षं खपून मी भाजीपाल्याच्या पेरणीयंत्राचं तोंड तयार केलं, एक ओठ लांब आणि एक आखूड असलेलं. हजारो दाण्यांवर चाचण्या घेतल्या. पेटंट कंपनीचं, पण संशोधक म्हणून नाव माझं, एकटीचं. तोवर माझ्या नोकरीच्या व्हिसाची सहा वर्षं संपत आली होती. कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. कोणाच्या नोकरीवर अवलंबून नसलेला परवाना मिळाला नाही तर बारा महिन्यांत सगळं आवरून निघायचं होतं, आणि चार वर्षांचं काम तिथेच राहणार होतं.

वकीलबाई धडाडीच्या होत्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दोन प्रकारची माणसं बसलेली असत. एक, मांडीवर कात्रणांच्या आणि शिफारसपत्रांच्या फायली घेतलेली, माझ्यासारखी. दुसरी, बँकेचे कागद घेऊन आलेली, भांडवल गुंतवून तिथल्या लोकांना नोकऱ्या देणारी. वकीलबाई मला म्हणाल्या, "तुमची कल्पना तुमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी वापरली, हे फार वजनदार ठरेल, फक्त ती तुमचीच होती असं कोणीतरी शपथेवर सांगायला हवं." त्यांनी मजकूर तयार केला, मी मराठी केलं आणि तुम्हाला पाठवलं. तुम्ही फक्त नोटरीसमोर सही करायची होती. एक सही!

फोन आला तो तुमचाच. "हे काय लिवलं वं?"

"वकिलांनी लिहिलंय बाबा. सही करा आणि पाठवा."

"याच्यात एकटीनं म्हून लिवलं हाये. एकटीनं नव्हतं नं वं ते."

मी समजावलं. म्हटलं, इथे माणसाला आपण इतरांहून वेगळे आहोत हे दाखवावं लागतं, हजारांत एक आहोत असं. एकतर डोकं दाखवायचं, नाहीतर पैसा आणायचा.

"मंग साध्या माणसानं कुठून जावं?"

"साध्या माणसानं जायचंच नाही बाबा."

  तुम्ही म्हणालात, "तू साधी नाई वं माय. तू हुशारच हाये. पण हुशार हाये हे सांगाले दुसऱ्याचं नाव काऊन खोडा लागते?" मी फोन आपटला. होय, आपटला. तुम्हाला वाटलं असेल लाइन कटली.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. तुम्ही बसनं वर्ध्याला गेला होतात, कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून स्टॅम्पपेपरवर स्वतःचा मजकूर टाइप करून घेतला होतात. मावशीला सोबत नेलं होतंत, तिथे तिला आलूबोंडे खाऊ घातले होतेत, हेही तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं, जणू मला त्याचंच काम पडलं होतं. प्रतिज्ञापत्रात स्वच्छ लिहिलेलं: पाइप मी बनवला, एक ओठ लांब ठेवायची सूचना या बाईंची, माप आणि हिशेब माझ्या मुलीचा, ती फार हुशार आहे आणि तिला तिथे राहू द्यावं ही विनंती. खाली तुमची सही. तिच्या खाली मावशीची, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर वेगळं काढलेली, शेवटचं रेघेच्या बाहेर गेलेलं.

तुम्हाला कळत नव्हतं का हो, हा कागद माझं काय करू शकतो? पेटंटात दुसऱ्या कोणाचा वाटा निघाला तर अर्ज राहिला बाजूला, कंपनीच मला कोर्टात खेचणार. मी तो वकीलबाईंना दाखवलाच नाही. वडिलांची तब्येत बरी नसते, नोटरीकडे जाणं जमलं नाही, असं सांगितलं. त्याऐवजी माझ्या प्राध्यापकांचं आणखी एक पत्र जोडलं, त्यात मी असामान्य असल्याचं चार वेळा लिहिलेलं होतं. सहा महिन्यांनी परवाना मंजूर झाला.

मी फोन केला तेव्हा आई रडली. तुम्ही पहिलं हेच विचारलंत, "त्या कागदाचा उपयोग झाला काय?"

"झाला बाबा."

"पाह्य! मी म्हणत होतो नं? खरं लिवलं तं कोणी अडवत नाई." आणि तुम्ही रिसीव्हर आईच्या हातात देऊन चप्पल घालून निघालातसुद्धा. आईनंच सांगितलं, मावशीकडे गेलात म्हणून. तिचं नाव अमेरिकेच्या सरकारी फायलीत लागलं हे तुम्ही पानटपरीपासून बसस्टँडपर्यंत सांगितलंत. अख्खी देवळी तिला हसली असेल, किंवा नसेलही. तुम्ही सांगितल्यावर लोक विश्वास ठेवत. हाच तर तुमचा सगळ्यात मोठा त्रास होता.

पुढच्या वर्षी दुकानातच तुम्हाला छातीत कळ आली. मी पोचले ती तेराव्याच्या आदल्या दिवशी. परतताना अमेरिकेच्या विमानतळावर त्या परवान्याचं कार्ड दाखवलं, अधिकारी म्हणाला, 'वेलकम होम', आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्यानंतर दोन वर्षांनी सुट्टीवर आले होते. आई तोवर दादाकडे, पिपरी मेघेला राहायला गेली होती. मावशीनं निरोप पाठवला, पोरीले घडीभर भेटून जाजो म्हणा. मी बसनं देवळीला गेले. तिनं पोहे केले होते. खाली चटईवर बसलो. थोडं इकडचं तिकडचं बोलून ती मुद्द्यावर आली.

"तुया बापानं सांगतलं होतं, तुया कागदात मायं बी नाव हाये म्हून."

"हो मावशी."

"ज्याचं डोकं चालते त्याले ते लोकं ठेवून घेतेत नं?"

"हो."

"मंग माया नातीचं काई जमन काय? मले तं आता कुठी जायचं नाई. पोरगी बारावीले हाये, सायन्सले. मायं नाव हाये, त्याच्यावर तिले भेटन काय?"

बाबा, त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नाही. तुम्ही मोकळे झाला होतात आणि उत्तर मला द्यायचं होतं. मी तिला सांगितलं की हा परवाना नातवंडांना चालत नाही, ज्याचा त्यानं मिळवावा लागतो, आधी शिक्षण, मग नोकरी, मग अर्ज. माझाच आवाज मला त्या वर्ध्याच्या कारकुनासारखा वाटत होता. ती मान हलवत ऐकत होती. "असन. नियम असन तं काय करता," म्हणाली. मग थोडं पुढे सरकून विचारलं, "पण नाव पक्कं हाये नं? मांगून पुसून तं नाई टाकत ते?"

"पक्कं आहे मावशी."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्हाला फोनवर "झाला बाबा" म्हणाले होते तेव्हा रिसीव्हर ठेवून मी उभ्याउभ्या दोन ग्लास पाणी प्यायले होते. तिला "पक्कं आहे" म्हटल्यावर तसं काहीच करावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, आणि मग बशी पुढे करून आणखी थोडे पोहे मागून घेतले.