यानातली मेकॅनिक

प्रिय काका,

तुझी नवी विज्ञानकथा वाचली. मागच्या कथेवरून मी तुझ्याशी कडकडून भांडले होते. तिच्यातल्या अंतराळयानात दोन पुरुष सुखाने संसार करायचे, पण जन्मतःच यंत्र प्रत्येकाचं शरीर मनाशी जुळेल असं ‘दुरुस्त’ करायचं.

“मग माझ्यासारखी, मुलगा म्हणून वाढलेली बाई तिथे कुठे आहे?” मी विचारलं.

तू उसळलास. “आमच्या वेळी दोन पुरुषांनी रस्त्यात हात धरणं म्हणजे मंगळावर जाणं होतं! तेवढं तरी लिहू द्या!”

तुझंही खरं होतं. टेलरकाका तुझ्याच घरात किती वर्षं ‘भाडेकरू’ म्हणून राहिले.

तेव्हापासून फोनवर तू फक्त “जेवण झालं? तब्येत बरी?” विचारतोस. म्हणजे मला ‘आलास’ म्हणायचं की ‘आलीस’, हा प्रश्नच नको!

नव्या कथेतली मेकॅनिक यंत्राला नाही म्हणते आणि आपल्या सवडीने बाई होते. तिला पाना धरता येत नाही, ते सोड. पण कप्तान तिला विचारतो, “दमलीस का, पोरी?” तिथे माझं वाचन थांबलं.

मलाही तसंच म्हण, असं लिहिणार होते, तेवढ्यात तुझा फोन आला.

“काय गं, रडलीस की काय?”

रडले, काका. आता हे पत्र कशाला टाकू?

तुझी लाडकी,
पुतणी