दोघांची संमती

प्रिय चिकट्या,

फोन केला असता तर तू "जाऊ दे गं ताई" म्हणून विषय गुंडाळला असतास, म्हणून पत्र लिहितेय. आईकडून कळलं, सायकलच्या दुकानात तुझं छान बस्तान बसलंय आणि वाकडं चाक सरळ करताना तू शीळ घालतोस. ऐकून बरं वाटलं. तू गेल्यापासून दोन वर्षांत आमच्या ऑफिसात कुणी शीळ घातलेली नाही. तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटरचे खोके असतात.

सध्या एक मोठं काम माझ्या गळ्यात पडलंय. हॉस्पिटलांसाठी आपण बनवायचो त्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड जिथे ठेवतो, तो प्लॅटफॉर्म बदलायचाय. दोन कंपन्या शर्यतीत आहेत आणि जास्त सुरक्षित कोण, ते मी सांगायचं. दोघांचे विक्रेते सूटबूट घालून येऊन गेले. दोघांच्याही कागदांवर प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. असल्या कागदांवर माझा काडीचा विश्वास नाही, तुला माहीतच आहे. म्हणून मी परीक्षा घेतली, आणि परीक्षेला तुझीच चूक वापरली. रागावू नकोस. तू घाईत खरा पासवर्ड कोडमध्ये ठेवून दिला होतास ना, तसाच, त्याच फाइलीत, एक खोटा पासवर्ड घातला आणि दोन्हीकडे पाठवला.

कोडात पासवर्ड दिसला की तो अडवणारी तपासणी असते ना, पहिल्याने त्या तपासणीत तो दारातच अडवला. दुसऱ्यानेही अडवला, जरा डोकं खाजवून. मग माझ्या मनात आलं, आपल्या जुन्या प्लॅटफॉर्मने तुला का नाही अडवलं? तिथे ही तपासणीच नसेल, असं आपण सगळे धरून चाललो होतो. सेटिंग्ज उघडून बघितल्या. तपासणी होती, पण बंद केलेली. शेजारी तारीख होती, तुझ्या चुकीच्या अकरा दिवस आधीची, आणि बंद करणाऱ्याचं नाव. नाव माझं.

तेव्हा कुठे आठवलं. त्या आठवड्यात ती तपासणी खोटे पासवर्ड असलेल्या नमुन्याच्या फाइलींवरसुद्धा बोंब मारत होती आणि सगळे माझं डोकं खात होते. दोनच दिवस बंद ठेवते म्हटलं आणि साफ विसरले. पुढे तुझ्या त्या पासवर्डवरून पेशंटांची माहिती परक्यांच्या हाती गेली, सगळ्यांनी तुला धारेवर धरलं, तू राजीनामा दिलास. आणि मी, तुझी सख्खी बहीण, तुला जपून काम करण्यावर भाषण दिलं. त्या भाषणाची फार लाज वाटते रे. माफ कर मला.

हे सगळं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं आणि काल मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. पहिला प्लॅटफॉर्म चपळ आहे, पण त्यातली तपासणी माझ्यासारखं कुणीही वैतागून एकट्याने बंद करू शकतं. दुसऱ्यात ती बंद करायला दोघांची संमती लागते. मी दुसरा निवडला. साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "दुसरा माणूस कोण?"

मी तुझं नाव सांगितलं. ते हो म्हणाले. सायकली सोडवत नसतील तर आठवड्यातून तीन दिवस आलास तरी चालेल म्हणाले. खोके मी आज सकाळीच हलवलेत. मी काही बदलणार नाही, चिकट्या. पुन्हा कधीतरी वैतागेन आणि "दोनच दिवस" म्हणेन. तेव्हा समोर ठाम नाही म्हणणारं कुणीतरी हवं, आणि मला नाही म्हणायची सवय जन्मापासून फक्त तुलाच आहे.

तुझी खुर्ची पुसून वाट बघत बसलेली,
तुझीच ताई