अर्ध्यावर अडलेली पोळी

रोटोटुना, हॅमिल्टन
मे २००६

श्रीमती नीलिमाताईंना श्यामलाचा नमस्कार, आणि सगळ्यात आधी तब्येतीची चौकशी.

तुमचं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे असं तुम्ही लिहिलंत, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाबद्दल एवढ्या मोठ्या पत्रात एक शब्द नाही, त्यावरून तो तुम्ही करत नाही हे मी समजले. करावा. इथं सगळे ठीक आहोत. ऋतू उलटे असल्यामुळे इथं मेमध्ये थंडी सुरू झाली आहे, आणि इथल्या घरांत ती बाहेरच्यापेक्षा आत जास्त असते (लाकडाची सुंदर घरं बांधतात आणि मग त्यांत स्वेटर घालून बसतात). तुमची सून सिद्धी फार्मसीत दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणते. तिलाही मी व्यायाम सांगितला आहे. तीही करत नाही. आमचे हे पुण्यात एकटे आहेत, डबा लावला आहे, आणि फोनवरच्या आवाजावरून माझ्याशिवाय मजेत असावेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही एकच गोष्ट सरळ विचारली आहे, की तुमचा अनिरुद्ध दिवाळीपर्यंत परत येणार ना, कारण फ्लॅटला रंग देऊन झाला आहे आणि त्याच्या खोलीत नवं कपाटही बसलं आहे. खरं तर हे तुम्ही त्यालाच विचारायला हवं होतं. पण फोनवर तुम्ही विचारत नाही आणि तो सांगत नाही, दोघं मिळून हवामानावर बोलता. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. उत्तर मी देणार आहे, पण त्यासाठी आधी टोस्टर समजून घ्यावा लागेल. (पानं उलटून शेवट वाचू नये. वर्गात मुली असं करायच्या तेव्हा मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.)

अनिरुद्ध ‘इलेक्ट्रॉनिक्समध्ये’ आहे असं तुम्ही लोकांना सांगता. तो टोस्टर करतो. यात लपवण्यासारखं काही नाही. ‘ते रापा’ नावाच्या भागात दुधाच्या कारखान्याच्या अलीकडे एक पत्र्याची शेड आहे, तिथं ब्रायन नावाच्या गृहस्थांची छोटी कंपनी आहे आणि तिच्यात अनिरुद्धचा विभाग म्हणजे तो आणि एक टेबल. आता नेहमीच्या टोस्टरात काय होतं ते बघा. दांडी दाबली की ब्रेडची चौकट खाली जाते, एक विद्युतचुंबक तिला खाली धरून ठेवतो, तारा तापतात. वेळ झाली की चुंबक सोडून देतो, स्प्रिंग चौकट वर ढकलते आणि चौकट वर पोचली की वीज तुटते. म्हणजे वीज कधी बंद व्हायची ते ब्रेड वर येण्यावर ठरतं. ब्रेड अडकला तर चौकट वर येत नाही, तारा तापतच राहतात आणि ब्रेड पेटतो. ही गोष्ट मला तीस वर्षं विज्ञान शिकवूनही माहीत नव्हती, कारण आमच्या घरी ब्रेड तव्यावर भाजतात. अनिरुद्धनं यावर एक उपाय काढला. चौकट तळाशीच अडकून राहिली तर ते एका छोट्या स्विचला कळतं आणि तो वीज तोडतो. बटण टीचभर, पण त्यासाठी त्यानं वर्ष घालवलं. ऑकलंडहून दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या खरेदीवाल्या बाई सोमवारी ते बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर टोस्टर बाजारात जाणार आणि अनिरुद्धची नोकरी कायम होणार. नाही पडलं तर ब्रायन विभाग बंद करणार, म्हणजे ते टेबल. मग दिवाळी, फ्लॅट आणि कपाट.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी अनिरुद्धनं नमुन्याचा टोस्टर घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. घरातल्यासारखा वापरून बघू, म्हणाला. मी घरात होते. मी तो घरातल्यासारखा वापरला.

तुम्हाला इथली शेगडी माहीत नाही. विजेची वेटोळी असते, ती तापेपर्यंत भूक जाते आणि निवेपर्यंत दूध उतू जातं. सकाळची शिळी पोळी कडक करून चहाबरोबर खावी असं मला वाटलं, तर तेवढ्यासाठी ती वेटोळी पेटवायची आणि शेजारी एक यंत्र रिकामं उभं. पोळी चौघडी दुमडली की बरोबर ब्रेडएवढी होते. मी ती घातली आणि दांडी दाबली. (तुम्हीही हेच केलं असतं. उगाच मान हलवू नका.) पण घडीची पोळी ती घडीचीच. आतल्या पदरांत वाफ धरली, फुगली आणि दोन्ही बाजूंच्या जाळीला जाऊन चिकटली. वेळ संपली, चौकट उसळली आणि अर्ध्यावर थांबली. मी चहा गाळत होते. धूर यायला लागला तेव्हा मला वाटलं वेटोळी चुकून सुरू राहिली. मग छतावरची धुराची घंटा सुरू झाली. तिचा आवाज असा असतो की आग परवडली.

मी उलथन्याच्या दांड्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं, हे नमूद करते, कारण नंतर सगळ्यांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं, जणू मीच पेटले होते. शेजारचे कॉलिन थंडीत अर्ध्या चड्डीवर आणि जँडल म्हणजे रबरी चपला घालून बागेची नळी घेऊन आले आणि ऑल गुड का, असं खिडकीतून विचारू लागले. मी ऑल गुड म्हटलं. ते नळी घेऊन तिथंच उभे राहिले, कारण माझ्यामागून काळा धूर येत होता.

सिद्धी आंघोळ अर्धी टाकून आली. “आई, तू टोस्टरमध्ये पोळी घातलीस?”

“मग काय गॅलरीत वाळत घालू?”

“अगं, पण टोस्टरमध्ये पोळी कोण घालतं!”

यावर मी म्हटलं, की सध्या तरी मी घालते, आणि असा प्रश्न विचारण्याऐवजी तुझ्या नवऱ्याला खुर्ची दे. कारण अनिरुद्ध जमिनीवर बसला होता. हातात टॉर्च, समोर टोस्टर, आणि तो त्या काळ्या पोळीकडे बघत होता. तोंडावर रंग नाही. नीलिमाताई, मी जावयाला फार कधी डोक्यावर बसवलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या वेळी मला वाटलं की मी या मुलाचं वर्ष जाळलं. त्यानं मला समजावून सांगितलं. ब्रेड कडक असतो. तो एक तर वर येतो, नाहीतर तळाशी राहतो. पोळी मऊ असते. ती चौकटीला अर्ध्यापर्यंत येऊ देते आणि मग धरते. चौकट तळाशी नाही, तेव्हा त्याच्या स्विचला वाटलं सगळं ठीक आहे. आणि पूर्ण वरही नाही, तेव्हा वीज तुटली नाही. वर्षभर त्यानं पांढरा ब्रेड, तपकिरी ब्रेड, क्रंपेट म्हणजे इथला जाळीदार पाव आणि लाकडाची पाचरसुद्धा अडकवून बघितली होती. पोळी नाही. डब्यात रोज नेत होता, तरी नाही.

सिद्धी म्हणाली, माहितीपत्रकात लिहून टाका, फक्त ब्रेड घालावा. मी म्हटलं, माहितीपत्रक कोण वाचतं? भूक लागलेला माणूस वाचत नाही आणि भूक न लागलेला टोस्टरकडे जात नाही. अनिरुद्धनं टॉर्च विझवला आणि म्हणाला, “काकू, आणखी पोळ्या आहेत?” (लग्नाला सात वर्षं झाली, मला अजून काकूच म्हणतो. कॉलेजपासूनची सवय. मी सोडून दिलं आहे.)

शनिवारची उरलेली दुपार आणि सगळा रविवार मी पोळ्या लाटल्या आणि त्यानं त्या अडकवल्या. सिद्धी खिडक्या उघडून, गळ्यात मफलर घालून टॉवेलनं धूर हाकत होती. कॉलिन मधूनमधून डोकावून किया ओरा म्हणत (हा इथला नमस्कार), नळी मात्र हातात. उत्तर सापडलं तेव्हा इतकं साधं होतं की मला राग आला. चौकट कुठं आहे हे विचारायचंच नाही. वेळ संपली की आधी वीज तोडायची आणि मग स्प्रिंग सोडायची. चौकट वर येवो, खाली राहो, मध्ये लोंबकळो. हे आधी का केलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्यासाठी एक सुटा भाग जास्त लागतो, तो ब्रायनना नको होता, म्हणून स्विचवर भागवलं. म्हटलं, मग ब्रायनना मी भेटते.

सोमवारी सकाळी भेटले. भले गृहस्थ आहेत, पण पहिल्या मिनिटाला मला श्यामला म्हणाले (माझ्या सासऱ्यांनीसुद्धा कधी नुसतं श्यामला म्हटलं नाही). त्यांचं म्हणणं, पोळी वगैरे या देशात किती लोक घालणार? मी विचारलं, हॅमिल्टनमध्ये किती पंजाबी राहतात, किती गुजराती, किती फिजीहून आलेले? त्यांच्या घरी काल रात्रीची रोटी उरत नाही का? आणि तुमच्या आई पॅनकेक गरम कशावर करायच्या? ते म्हणाले, टोस्टरवर. एकदा पडदे पेटले होते. अनिरुद्धनं सुटा भाग रविवारीच नमुन्यात बसवला होता. ब्रायन त्याच्याकडे बघून म्हणाले, स्वीट अ‍ॅज. (गोड, पण कशासारखं ते इथं कोणी सांगत नाही. याचा अर्थ हो असा धरायचा.)

ऑकलंडच्या बाई तपकिरी कोटात आल्या, चेहऱ्यावर काही नाही. मला त्या लगेच आवडल्या. त्यांनी स्वतः आणलेला ब्रेड अडकवला, वीज तुटली. वाकडा अडकवला, तुटली. घड्याळ बघितलं. तेवढ्यात ब्रायननी सांगितलं, की मिसेस जोगळेकरांकडे, म्हणजे माझ्याकडे, आणखी एक आहे. पोळी आत गेली. अनिरुद्ध टेबलाची कड धरून उभा होता आणि टोस्टरकडे न बघता दाराकडे बघत होता. चौकट उसळली, अर्ध्यावर अडली, पोळी जाळीला चिकटून राहिली. पण त्याआधीच टिक असा बारीक आवाज झाला होता आणि लाल तारा काळ्या पडत गेल्या. धूर नाही, घंटा नाही. बाई वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग विचारलं, हे खातात का? अर्धी त्यांनी खाल्ली. अर्धी ब्रायननी खाल्ली. त्यानंतरचं बोलणं आकड्यांचं होतं, त्यात मला रस नाही. पहिली मागणी नक्की झाली. अनिरुद्धला कायमचं पत्र गुरुवारी मिळालं.

तर उत्तर असं, की अनिरुद्ध दिवाळीत येणार नाही. आला तर पाहुणा म्हणून येईल. हे त्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं. गुरुवारी तो फोन घेऊन गॅरेजमध्ये गेला, बराच वेळ गाडीशेजारी उभा राहिला आणि न बोलताच परत आला. त्याला मी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. आनंदाची बातमी आईला सांगताना ती तिला दुःखाची वाटेल हे ज्याला कळतं, त्या मुलाला तुम्ही वाईट वाढवलेलं नाही. रंग दिलात ते बरं केलंत, भिंतींना लागतोच. कपाटात तुमच्या साड्या ठेवा. त्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत असं सिद्धी सांगत होती, आणि ट्रंकेसाठी वाकणं तुमच्या गुडघ्याला चालायचं नाही.

काळजी घ्यावी. व्यायाम करावा.

तुमची विहीण,
श्यामला

ता. क. : ब्रायननी मला दर मंगळवारी शेडमध्ये बोलावलं आहे. पाहुणी म्हणून आले असल्यामुळे मला नोकरी करता येत नाही, पण उभं राहून इतरांच्या चुका दाखवणं ही इथं नोकरी धरत नाहीत. चहा मिळतो. नियमाप्रमाणे साडीवर चमकणारं पिवळं जाकीट घालावं लागतं. फोटो पाठवणार नाही.

आणखी एक : पोळीबद्दल वर जे लिहिलं ते खरं आहे, पण अपुरं आहे. सोमवारची ती पोळी माझी नव्हती. माझ्या पोळ्या रविवारी दुपारनंतर अडकेनाशा झाल्या. मनावर ताण आला की माझी कणीक घट्ट होते, आणि त्या ब्रेडसारख्या सरळ उसळून वर येऊ लागल्या. शेवटी अनिरुद्धनं बाह्या वर केल्या, कणीक सैल मळली, घडीत तेल आणि तांदळाची पिठी लावली आणि स्वतः लाटली. आई अशी करते, म्हणाला. ती इतकी फुगली की टोस्टर ओट्यावरून हलला. तीस वर्षांत माझी अशी फुगली नाही. हे सिद्धीला सांगायचं नाही.

आणि शेवटचं : माझा व्हिसा जुलैत संपतो. ऑकलंडच्या बाईंना आता प्रत्येक नव्या नमुन्यात पोळी अडकवून हवी आहे, आणि अनिरुद्ध दिवसभर पोळ्या लाटत बसला तर टोस्टर कोण करणार? तेव्हा तुम्ही जूनमध्ये या, म्हणजे मी जाण्याआधी तुम्हाला ब्रायन, ती वेटोळी आणि कॉलिन यांची ओळख करून देता येईल. आपल्या दोघींना एकाच खोलीत राहावं लागेल. मी घोरते असं ह्यांचं म्हणणं आहे, मला मान्य नाही. हे सगळं मी अनिरुद्धला न विचारता लिहिते आहे. आत्ता तो मागून गेला आणि कोणाला लिहिताय म्हणाला, मी बँकेला म्हटलं. तो दारापर्यंत जाऊन परत आला. “बँकेला सांगा,” म्हणाला, “इथला पोळपाट लहान आहे. तिचा घेऊन यायला सांगा.” पोळपाट बॅगेत तळाशी बसतो. कपडे कमी आणा.