गळ्यातला शिवदोरा

उदगीर, ३ ऑगस्ट

चि. दामिनीस आज्जीचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या खोलीतल्या पुनमचा ताप उतरला का? तुमच्या वर्गाच्या शिल्पा मॅडमची कंबर? इकडं माझे गुडघे बोलायलेत, मी ऐकून घेते. आज्जांचं मात्र बरं न्हाई. हर्निया वाढलाय. आतडं अडकलं तर जिवावर येईल, लातूरला ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणतात. आणि हे हटून बसलेत. मागल्या खेपेला दवाखान्यातल्या पोरीनं न विचारता गळ्यातला शिवदोरा कात्रीनं कापला, त्याच्या डबीतलं इष्टलिंग काढून मळक्या कापसाशेजारी ट्रेमध्ये ठेवलं. दीक्षेत गुरूंनी गळ्यात बांधल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. मरायचं तर घरी मरीन, म्हणतात. फोनवर रडू येतं, म्हणून लिहिलं.

तुझी आज्जी गौरम्मा

नांदेड, ९ ऑगस्ट

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

नर्सिंगच्या वर्गात आम्ही एकीला पेशंट करतो, एकीला नर्स, बाकीच्या बघतात. मी म्हटलं, आमच्या आज्जांचाच प्रसंग करू. पुनम आज्जा झाली. गळ्यात दोऱ्याला इष्टलिंग म्हणून सुपारी बांधली. मी नर्स. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं काढायचं, हे इतकं पाठ, की माझा हात कात्री घेऊन थेट तिच्या गळ्याशी गेला. तिनं मनगट धरलं. आज्जी, आपल्या घरची असून मीच! मॅडम रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, आता पेशंटला विचार, तुम्हाला कसं हवं. ते पुनम तरी कुठून सांगणार! आज्जांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. तू विचारशील?

तुझ्या मायेची, दामिनी

उदगीर, २४ ऑगस्ट

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

विचारलं, तर तोंड फिरवलं. मग मीच खाटेवर आडवी झाले. म्हटलं, तुम्ही नर्स व्हा, दाखवा. म्हातारपणी चळ लागला का, म्हणाले, पण उठले. हात धुतले. बाई, तुमचं इष्टलिंग तुमच्याच हातानं काढा, म्हणाले. मी माझं काढून दिलं, ते त्यांनी मऊ कापडात बांधून माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटवली आणि ती धरून बराच वेळ बसले. असं करणार असतील तर येतो, एवढंच बोलले.

लातूरच्या डॉक्टरांना मी तसंच सांगितलं. इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांनी माझ्याकडं दिली, इष्टलिंग कापडासकट यांच्या मुठीत राहू दिलं. नर्सनं वरून पट्टी बांधली. ऑपरेशन करून बाहेर आणलं तेव्हा शुद्ध नव्हती, पण मूठ मिटलेली होती. मी ती धरून बसले.

काल घरी आलो. आज्जांचा निरोप आहे की वर्गात आता दुसऱ्या कुणाला पेशंट करा, मी घरी आलोय.

लवकर लिही. त्या दुसऱ्याला काय विचारलंत, ते ऐकायला बसलेत.

तुझी आज्जी